हात ओढला की पोर पडलं?

दिगंबरकाका म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. २००४ साली मुलाकडे, देवदत्तकडे, अमेरिकेतल्या कॅरी गावात राहायला आले आणि वर्षभरात आमच्या मराठी मंडळाचे हाडवैद्य होऊन बसले. वैद्यकी मामांकडून शिकलेली, तीही फक्त कोपराची.

लहान पोराला आपण हात धरून झोके देतो, पार्किंगमध्ये खसकन ओढतो. त्या वयात कोपरातल्या हाडाला धरणारा पट्टा सैल असतो. हाड त्यातून निसटतं आणि पोर हात लोंबकळत ठेवून रडतं. काका तळहात वर फिरवून कोपर दुमडत. टक् आवाज होई, की पोर त्याच हाताने बिस्किट मागे. पण आधी त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "ओढला की पडलं?" पडलं म्हटलं तर ते हात मागे घेत. "ते माझं काम नाही. एक्स-रे काढा."

मी फिजिओथेरपिस्ट, इथलं लायसन्स असलेली. हे मीच थांबवायला हवं होतं. पण माझ्या आश्लेषाचं कोपर त्यांनी दोनदा बसवलं होतं, इमर्जन्सीतले चार-चार तास वाचवले होते, आणि चार घरांना त्यांचा नंबर मीच दिला होता. गरज सरो वैद्य मरो म्हणतात; आमची गरज काही सरत नव्हती.

जानेवारी २००६. मंडळातल्या प्रीताकडे हळदीकुंकू होतं. खाली आम्ही बायका, वरच्या मजल्यावर खेळायच्या खोलीत पोरं, आणि त्यांना सांभाळायला तिचा नवरा सिद्धेश, म्हणजे टीव्हीवर गेम बघायला. "रेणू सोफ्यावर चढते, लक्ष ठेव," असं प्रीताने त्याला तीनदा बजावलं होतं.

किंकाळी ऐकू आली. सिद्धेश आपल्या चार वर्षांच्या लेकीला, रेणूला, उचलून खाली आला. कोणीतरी फोन केला आणि तिसऱ्या घरातून काका स्लिपर घालूनच धावत आले.

"ओढला की पडली?"

सिद्धेशने प्रीताकडे पाहिलं. "ओढला, काका. मीच हात धरून लिफ्ट केलं."

रेणूच्या कोपराच्या वर सूज चढत होती. नुसत्या ओढलेल्या कोपराला अशी सूज येत नाही. काकांना मोतीबिंदू होता. मला मात्र स्वच्छ दिसत होतं. 'थांबा' हा शब्द अगदी ओठांवर आला. पण वीस बायका बघत होत्या आणि मला चारचौघींत आगाऊपणा करायची लाज वाटली. लाज! मला अजून स्वतःचा संताप येतो.

काकांनी हात फिरवला. टक् झालं नाही. खरखर झाली. रेणू एकदा किंचाळली आणि मग गप्प झाली. तिची बोटं पांढरी पडत गेली. काका तिच्या मनगटावर नाडी शोधत राहिले.

"लागत नाही," ते म्हणाले.

कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं आणि त्याच्या टोकाखाली रक्तवाहिनी चिरडली होती. दोन ऑपरेशनं झाली. रेणूची तीन बोटं आजही पूर्ण उघडत नाहीत.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, हात कोणी हलवला का? सिद्धेश जमिनीकडे बघत राहिला. देवदत्तने प्रश्न मराठीत सांगायच्या आत काका उठून उभे राहिले. "मी."

"तिथे कोणी ट्रेनिंग घेतलेलं माणूस होतं का?" डॉक्टरचा पुढचा प्रश्न देवदत्तने चाचरत सांगितला.

मी काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

"नाही," काका म्हणाले. "कोणी नव्हतं."

आणि मी ते तसंच राहू दिलं.