खजुराच्या जत्रेत दुधीची भाजी

जुलैतल्या शनिवारी आम्ही दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधून निघालो, तेव्हा रस्त्यावरचं डांबर इतकं वितळलं होतं की माझी डावी चप्पल तिथेच चिकटून राहिली आणि मी एका अनवाणी पायानं गाडी सुरू केली. वृंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते की चप्पल तुटलेलीच होती. पण प्रवासवर्णन मी लिहितोय.

मागच्या सीटवर आप्पा, माझे सासरे. कऱ्हाडहून दोन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. वय अठ्ठ्याहत्तर, साखर त्याहून पुष्कळ जास्त. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हापासून वृंदानं, आधी फोनवरून आणि आता समोरून, त्यांच्या पोटाचा ताबा घेतलाय. दुपारी भाकरी आणि दुधी, रात्री दुधी आणि भाकरी. मांडीवर स्टीलचा डबा. निघालो होतो खाद्यजत्रेला आणि बरोबर घरचं जेवण. हे फक्त आपलीच माणसं करू जाणोत.

रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यांची धूळ मागे पडली आणि डोंगर सुरू झाले. इतके उघडेबोडके, की तिथे गवताचं पातं उगवायचं म्हटलं तरी त्याला आधी व्हिसा काढावा लागत असणार. मग एका वळणावर एकदम हिरवंगार. खजुराच्या बागा, मातीचे बांध, पाटातून खळखळ पाणी. आप्पा काचेला नाक लावून म्हणाले, "हे आपल्या कृष्णाकाठासारखं कुणी आणून ठेवलं इथं?"

गावाच्या मैदानात लग्नाच्या हॉलएवढा वातानुकूलित तंबू होता. आत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थिजलो. चार धट्टीकट्टी माणसं खांद्यावर दांडा घेऊन खजुराचा एक घड आणत होती आणि मागून त्या घडाचे नातेवाईक वरातीसारखे चालत होते. घड काट्यावर चढला. परीक्षकांनी आकडा वाचला तसा शेजारच्या बागेचा मालक मटकन खाली बसला. एकेक रुतब (अर्धा पिवळा, अर्धा मध झालेला ताजा खजूर) नारळाएवढा. बरं, लिंबाएवढा. पण मोठं लिंबू.

"फोटो काढ, खाऊ नकोस," वृंदा माझ्या कानात म्हणाली. "तू खाल्लास की आप्पा मागतील."

एक वाजता तिनं आप्पांच्या तळहातावर गोळी ठेवली. ही गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न जायलाच हवं. नाहीतर साखर खाली घसरते, हातपाय कापायला लागतात, माणूस कोसळतो. आप्पांना तंबूच्या टोकाला मजलिसमध्ये (गालिचे-लोड टाकलेली बैठक) बसवलं आणि आम्ही पाणी आणायला गेलो.

परत येतो तर डबा गायब.

मी हादरलो. या देशात लोक टेबलावर आयफोन ठेवून हात धुवायला जातात आणि फोन तिथेच सापडतो. आणि दुधीच्या भाजीची चोरी? असा चोर पृथ्वीवर अजून जन्माला आलेला नाही.

"आप्पा, डबा कुठंय?"

"होता की इथंच," आप्पा म्हणाले आणि त्यांनी उजवा हात वर केला. तो पिंपळाच्या पानासारखा थरथरत होता. वृंदाचा चेहरा पांढराफटक पडला. मी उश्या उचलल्या, गालिचा उचलला, गालिच्यावर बसलेल्या एका पाहुण्यालाही जवळजवळ उचललं.

तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे अबू राशिद आले. मजलिस त्यांची, बागही त्यांची. त्यांनी आप्पांसमोर थाळी सरकवली. तिच्यात लुकैमात, म्हणजे तळलेले कुरकुरीत गोळे, वरून खजुराचा काळाभोर पाक.

"अंकल, इनको शुगर है," वृंदा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"किसको नहीं है, बेटी?" हिंदी अशी खणखणीत, की मला दुसरा धक्का बसला. म्हातारबाबा तरुणपणी वडिलांच्या गलबतातून मुंबईला जायचे म्हणे. "यल्ला, खाओ, बाबा."

आणि आप्पा खाऊ लागले. एक, दोन, पाच. इतक्या वेगानं, की पाहणाऱ्याला थाळीलाच भोक पडलंय असं वाटावं. हात केव्हाच कापायचा थांबला होता.

"अंकल, हमारा डिब्बा देखा क्या? स्टील का?" मी विचारलं.

अबू राशिदनी बोट दाखवलं. पलीकडे लांब दस्तरखान (जेवणासाठी जमिनीवर अंथरलेलं कापड) होता, त्यावर आसपासच्या घरांतून आलेली पातेली आणि त्यांच्या मधोमध आमचा डबा. तीन म्हातारे रोटीचे तुकडे दुधीत बुडवून खात होते. चवीनं. हा दिवसातला सगळ्यात मोठा धक्का.

"बाबा ने खुद दिया," अबू राशिद म्हणाले. "बोला, मेरी बेटी के हाथ का है, सबको खिलाओ."

वृंदा सावकाश वळली. "गोळी घेऊन तुम्ही डबा देऊन टाकलात?"

आप्पांनी बोटं चाटली. "गोळी खिशात आहे. तेवढा मूर्ख नाही मी."

"आणि हात कापत होता तो?"

"अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. म्हणेल तेव्हा कापतो."

मला हसू फुटणार होतं, पण वृंदाचे ओठ थरथरायला लागले आणि ते नाटक नव्हतं. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? माझ्याकडे आता तुम्ही एकटेच उरलाय, आप्पा."

आप्पांनी उचललेला गोळा थाळीत परत ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या आईनं सगळं पथ्य पाळलं होतं, वृंदे. शेवटच्या आठवड्यात बासुंदी मागत होती. मीच दिली नाही."

अबू राशिद उठले आणि उगाचच कॉफी बघायला गेले.

वृंदानं डोळे पुसले. पाण्याची बाटली पुढे केली. "आधी गोळी." आप्पांनी मुकाट्यानं घेतली. मग तिनं थाळीतला एक गोळा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा त्यांच्या हातावर ठेवला आणि थाळी माझ्याकडे सरकवली. म्हणजे त्यांच्यापासून लांब.

निघताना डबा परत आला तो रुतबनं गच्च भरून. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे त्यांच्याकडेही आहे. वाटेत डोंगर लाल झाले, कारखान्यांचे दिवे लागले आणि आप्पा अबू राशिदच्या मुंबईबद्दल बोलत राहिले. गेल्या वर्षभरात त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. प्रवासाला माणसं नवी गावं बघायला जातात म्हणतात. मी शंभरेक किलोमीटर जाऊन माझ्याच मागच्या सीटवरचा माणूस पाहून आलो.

घरी येताच वृंदानं मशीन काढलं, आप्पांच्या बोटाला सुई टोचली.

"किती आहे गं?" त्यांनी विचारलं, शाळेतल्या पोरासारखं.

मी तिच्या खांद्यावरून आकडा वाचला. तो ऐकून मधमाशीसुद्धा लाजली असती.

"बरी आहे," वृंदा म्हणाली आणि मशीन बंद केलं. "रोज जेवणानंतर एक खजूर चालेल. एकच. आणि मी देईन तोच."

आयुष्यभर मी थापा मारत आलोय, पण इतकी सफाईदार थाप मला अजून जमलेली नाही.