मिरचीची बिल्टी

आमच्या जळगावच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात माणसं पाच आणि प्रिंटर एक. गाडी भरली की मालाची बिल्टी, म्हणजे काय माल कुठून कुठे चाललाय त्याची पावती, छापायची, ती ड्रायव्हरच्या हातात द्यायची, मग गाडी हलायची. सगळे एकदम छापायचे आणि कागदांची खिचडी व्हायची. एकदा दिल्लीचा ड्रायव्हर कानपूरची बिल्टी घेऊन निघाला आणि केळी वाटेतच काळी पडली. तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या कारकुनांनी, मशीनला एक सवय लावली. प्रत्येक छपाईच्या आधी प्रिंट देणाऱ्याच्या नावाचा एक कागद निघायचा. शेठ कागद वाया जातो म्हणून कुरकुरले, पण आबांपुढे त्यांचं चालत नसे. आबा स्वतः ट्रेपाशी उभे राहून गठ्ठे वेगळे करत, कोपरा दुमडत आणि ज्याचा त्याच्या हातात देत. टेबलावर टाकून दिलेला कागद त्यांना खपत नसे.

होळीच्या सुमारास आबा गेले. झोपेतच. त्यांचा कॉम्प्युटर शेठनी धुळ्याच्या शाखेत पाठवून दिला आणि कागद निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आबांसारखी शांत नाही. कोणी कागद उचलायला उशीर केला की सरळ ओरडते.

मे महिन्यात बहिणीकडच्या लग्नाला आठवडाभर पाचोऱ्याला गेले होते. परत आले तर ऑफिसात कुजबुज. झाडलोट करणाऱ्या अक्कांनी मला बाजूला घेतलं. "ताई, आबा येतस."

"कुठं येतात?"

"मशीनमा. दुपारले."

मी अक्कांवर खेकसले. पण दुपार झाली, आणि जळगावची मेमधली दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. सगळे जेवायला घरी गेलेले, शटर अर्धं खाली. मी डबा उघडला आणि मागे प्रिंटर जागा झाला. ऑफिसातला एकही कॉम्प्युटर चालू नव्हता. आत काहीतरी घरघरलं आणि कागद बाहेर आला. त्यावर आबांचं नाव होतं. मागोमाग दुसरा कागद. हातात घेतला तर गरम. खरं सांगते, मी घाबरले, आणि त्या भीतीच्या आत कुठेतरी बरंही वाटलं.

अक्कांनी असे सगळे कागद एका खणात ठेवले होते. वर उदबत्तीची राख पडली होती. नावाच्या पुढे वाचायची कोणाची छाती झाली नव्हती. मी वाचलं. माल, मिरची. कुठून, दोंडाईचा. आणि माझं डोकंच फिरलं. आबांनी जन्मभर केळीच्या बिल्ट्या केल्या. मिरचीच्या गाड्या धुळ्याची शाखा सोडते, त्याही दुपारी.

मी धुळ्याला फोन लावला. तिथे आबांच्या कॉम्प्युटरवर मी लग्नाला गेले त्याच आठवड्यात एक नवी मुलगी बसायला लागली होती, अजून कायम व्हायची होती. माझा आवाज ऐकताच तिला रडू फुटलं. ती प्रिंट द्यायची आणि शेजारचं मशीन गप्प. मेकॅनिकनं आपल्या लॅपटॉपवरून करून पाहिलं तर झकास चाललं. मग ती हातानं बिल्ट्या लिहायची, गाड्या खोळंबायच्या, ड्रायव्हर शिव्या घालायचे. तिथली माणसं म्हणायची, आबा तिला आपल्या जागेवर टिकू देत नाहीत. त्या सकाळीच शेठनी तिला फोन करून सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको.

"मी छापस ते कागद कथा जास, ताई?"

"इथं," मी म्हटलं. "बठ्ठे. सगळे इथं आलेत."

भुताटकी एवढीच होती. त्या कॉम्प्युटरवर अजून आबांचंच नाव होतं आणि त्याला फक्त जळगावचा प्रिंटर ठाऊक होता. दोन्ही ऑफिसं एकाच नेटवर्कवर. मी खणातला गठ्ठा उचलला आणि शेठच्या टेबलावर आपटला. "ही बघा तिची कामं. एक बिल्टी चुकलेली दाखवा." शेठ खुर्चीसकट मागे सरकले. कागदांना हात न लावता म्हणाले, "राहू दे तिला. पण हे आधी इथून उचल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोनवर तिच्याकडून सगळं करून घेतलं. आधी प्रिंटर बदलला. मग नाव. आबांचं नाव पुसून तिचं घालायला सांगताना मी थांबले. तीही थांबली. रोज सकाळी पडद्यावर ते नाव आलं की ती हात जोडायची म्हणे, "आबा, आज तरी मना कागद निंघू द्या."

"पूस," मी म्हटलं. "आणि छपाईच्या रांगेत जे काही अडकून पडलं असेल ते सोडून दे."

फोनमधून तिकडच्या मशीनची घरघर ऐकू आली. "निंघना, ताई! मना नावना कागद निंघना!"

तेवढ्यात माझ्या मागे आमचा प्रिंटर जागा झाला.

"अगं, परत इकडे पाठवलंस का?"

"नही, ताई. मी ते कशालेच हात नही लाया."

आबांचं नाव. मागोमाग एक बिल्टी. तारीख त्यांच्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवसाची. त्या संध्याकाळी छापता छापता वीज गेली होती आणि आबा उद्या बघू म्हणून घरी गेले होते. माल, केळी.

मी तिला वाचून दाखवलं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे त्यासना बी अडकेल व्हता."

कागद गरम होता. मी सवयीनं कोपरा दुमडला आणि ज्याचा त्याच्या हातात द्यायला आबांच्या जागेकडे वळले. तिथे आता पाण्याचा जार असतो.