दाजींचं 'असे ठरले'

चार माणसं एका खोलीत जमली, बोलली आणि उठताना खरोखरच काहीतरी ठरवून उठली, असं आमच्या नात्यागोत्यात जेव्हा जेव्हा घडलं, तेव्हा तेव्हा त्या खोलीत माझे दाजी बसलेले होते. ते नसले की आम्ही चहा पितो, एकमेकांची उणीदुणी काढतो आणि 'पुन्हा एकदा बसू' म्हणून उठतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात त्यांची सगळी नोकरी झाली आणि त्या नोकरीत त्यांनी मुख्यतः एकच काम केलं, ते म्हणजे सभांची इतिवृत्तं लिहिणं. निवृत्त होऊन ताईबरोबर जळगावला पिंप्राळ्यात राहायला आले, तरी ते काम काही सुटलं नाही. कुणी निवृत्तीनंतर बागेत रमतो, कुणी देवदेव करतो. दाजी मिळेल त्या बैठकीत जाऊन बसायचे आणि लिहायचे.

अंगाने किरकोळ, बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. दुसरं पेन कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "पहिलं बंद पडलं म्हणून बोलणारे थांबत नाहीत." बसायची जागा अध्यक्षाच्या शेजारी कधीच नाही, तर सगळ्यांची तोंडं दिसतील अशा ठिकाणी. माणूस काय बोलतो ते कानाला कळतं, पण त्याला ते कबूल आहे की नाही ते तोंडावर दिसतं, हे त्यांचं म्हणणं. आणि लिहायचे फार कमी. दोन-दोन तासांची सभा त्यांच्या हातून अर्ध्या पानात बसायची. नवख्या माणसाला वाटायचं, यांना डुलकी लागली असावी. ऑफिसात एकदा दोन साहेब टेबलावर हात आपटून भांडले, एकमेकांची बदली करायच्या गोष्टींपर्यंत गेले, एक कपही फुटला. दुसऱ्या दिवशी दाजींच्या इतिवृत्तात एवढंच होतं: 'सदर विषयावर दोन मते मांडण्यात आली. कालव्याच्या दुरुस्तीची पाहणी दोन्ही अधिकाऱ्यांनी सोमवारपूर्वी करावी असे ठरले.' साहेबांनी ते वाचलं, खाली सह्या केल्या आणि सोमवारच्या आत एकाच जीपमधून पाहणीला गेले. भांडणाचं एक अक्षरही कसं नाही, असं मी दाजींना विचारलं होतं. ते म्हणाले, "भांडण त्यांच्या लक्षात राहणारच आहे. जे लक्षात राहणार नाही ते लिहायचं असतं."

काही शब्दांशी त्यांचं हाडवैर होतं. 'सविस्तर चर्चा झाली' हे वाक्य दिसलं की म्हणायचे, म्हणजे काहीच झालं नाही. 'लवकरात लवकर' म्हणजे कधीच नाही आणि 'संबंधितांनी' म्हणजे कुणीच नाही. पण त्यांचा खरा राग होता तो 'बघू' या शब्दावर. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या सोसायटीत पाण्याची टाकी कित्येक महिने साफ झाली नव्हती. दर सभेत विषय निघायचा आणि दर सभेत कुणीतरी म्हणायचं, बघू. दाजी तिथं राहायला आल्यावरच्या पहिल्याच सभेत त्यांनी हात वर करून नम्रपणे विचारलं, "बघू म्हणजे कोण बघणार?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी तळमजल्यावरचे कापडवाले शेठ म्हणाले, "बरं, मी बघतो." दाजी म्हणाले, "कधी?" शेठ म्हणाले, "या आठवड्यात." दाजींनी लिहिलं, तिथल्या तिथे सगळ्यांना वाचून दाखवलं आणि शेठजींपुढे सहीला धरलं. शेठजींच्या आयुष्यात 'बघतो' या शब्दाखाली सही करायची ती पहिलीच वेळ. शनिवारी टाकी साफ झाली. शेठ स्वतः वर चढून उभे होते. पुढच्याच सभेत सोसायटीने दाजींना सेक्रेटरी केलं. त्यानंतर पुष्कळ दिवस सोसायटीतले लोक दाजींसमोर जपून बोलत. जिन्यात भेटले तरी 'या एकदा घरी' असं म्हणायला कचरत, न जाणो, हे वार विचारतील.

आता हे सोसायटीत ठीक आहे, पण माझ्या पुतणीच्या लग्नाच्या बैठकीलाही दाजी वही घेऊन आले. बैठक धुळ्याला मुलाकडे होती. ताईने गाडीतच बजावलं होतं, "अहो, निदान तिथं तरी वही बाहेर काढू नका." दाजी म्हणाले, "जिथं काही ठरायचं असतं तिथंच ती लागते." मुलाकडच्यांना ती वही म्हणजे आधी काही धार्मिक प्रकार वाटला. सगळं नीट चाललं होतं. तारीख झाली, हॉल झाला. मग मुलाचे एक काका सुपारी कातरत, कुणाकडे न बघता म्हणाले की आजकाल पोराला एखादी मोटरसायकल असलेली बरी असते. माझ्या भावाचा चेहरा उतरला. दाजींनी पेनाचं टोपण काढलं आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "काका, आपलं पूर्ण नाव सांगता? मागणी कुणाच्या नावावर लिहू?" काका म्हणाले, "छे छे, मागणी कसली. मी आपलं सहज म्हटलं." दाजी म्हणाले, "सहज म्हटलेलं मी लिहीत नाही," आणि टोपण लावून टाकलं. मोटरसायकल पुन्हा निघाली नाही. लग्न छान झालं, आणि गंमत म्हणजे त्या काकांनी नंतर त्यांच्या गावच्या दूध संस्थेची सभा असली की दाजींना मुद्दाम गाडी पाठवून बोलावून न्यायला सुरुवात केली.

ताईला या सगळ्याचा कंटाळा होता, असं ती म्हणायची. "मी काय बोलले ते यांना आठवत नाही, मी काय कबूल केलं ते आठवतं," अशी तिची तक्रार. घरात मात्र दाजींनी वही कधी आणली नाही. एकदाच, भाजी कुणी आणायची यावर वाद झाला तेव्हा त्यांनी पेनाकडे हात नेला होता. ताईने फक्त बघितलं. हात परत आला.

पण दाजींचं खरं मोल मला कळलं ते पहूरला. जामनेर तालुक्यातलं पहूर हे आमचं गाव. वडील गेल्यावर आई तिथे एकटीच राहत होती. तिला सगळे अक्काच म्हणतात, आम्ही मुलंसुद्धा. एके दिवशी ती न्हाणीत पाय घसरून पडली आणि हात मोडला. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण आता तिला एकटं ठेवायचं नाही यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. पुढे मात्र एकमत नव्हतं. म्हणून एका रविवारी आम्ही पहूरला जमलो. जळगावहून थोरला भाऊ, धुळ्याहून मी, आणि ताई-दाजी. अक्का भिंतीला टेकून पाट घेऊन बसली होती आणि आमच्यासाठी शेंगा सोलत होती.

भाऊ म्हणाला, अक्का माझ्याकडे राहील, प्रश्नच नाही, फक्त आमचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट अधूनमधून बंद असते. मी म्हणालो, माझ्याकडे तळमजला आहे, पण मी आणि बायको दोघंही दिवसभर कॉलेजात शिकवायला, तिला बोलायला कुणी नाही. ताई म्हणाली, मग मी नेते. त्यावर भाऊ म्हणाला, दोन मुलगे असताना आई लेकीकडे राहिली तर गाव काय म्हणेल. ताई म्हणाली, गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे, पण तुम्हाला न्यायची नसेल तर तसं सांगा. मग भाऊ चिडला, मी चिडलो, वडिलांच्या आजारपणात कोण किती वेळा आलं हे निघालं, आणि जे बोलायला नको ते सगळं बोलून झालं. अक्का शेंगा सोलत होती. दाजी कोपऱ्यात बसून होते. त्यांच्या वहीत फारसं काही उतरत नव्हतं.

ऊन उतरायला लागलं तसा भाऊ म्हणाला, "तर मग चार-चार महिने वाटून घेऊ. ठरलं समजा." मला ते पटत होतं असं नाही, पण विरोध करायचं त्राण नव्हतं. ताई डोळे पुसत होती. दाजी म्हणाले, "ठरलं म्हणून लिहिण्याआधी एकदा वाचतो." आणि त्यांनी सवयीप्रमाणे उपस्थितांपासून वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव अक्काचं होतं. मग आमची नावं. मग प्रत्येकाने काय सांगितलं त्याची एकेक ओळ. लिफ्ट, कॉलेज, गाव काय म्हणेल. तिथं थांबून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अक्का, आपण हजर आहात, पण आपलं म्हणणं नोंदवायचं राहिलंय."

अक्काचे हात थांबले. तिचं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे इतकी वर्षं पहूरला काढूनही तिची अहिराणी सुटली नव्हती. तिने आमच्याकडे बघितलंच नाही, दाजींकडेच बघून ती बोलली. "जवाईबापू, सकायपासून बठ्ठा मनाबद्दल बोली ऱ्हायनात. माले कोनी इचारंच नही."

"म्हणून विचारतो," दाजी म्हणाले.

"माले कोठेच जानं नही. माले आठेच ऱ्हानं शे."

भाऊ म्हणाला, "अगं पण अक्का, इथे एकटी रात्री पडलीस तर?" दाजींनी हात वर करून त्याला थांबवलं. अक्का बोलत राहिली आणि आमच्या लक्षात आलं, की तिने सगळा विचार आधीच करून ठेवला आहे. शेजारच्या गल्लीत रुखसानाभाभी राहतात, कपडे शिवतात. नवरा गेलेला, घर एवढंसं, शिलाईच्या मशीनला नीट जागा नाही. अक्काच्या हाताला प्लास्टर होतं तेव्हा त्याच रोज येऊन तिची वेणी घालत होत्या. "तिनी मशीन आठे बाहेरनी खोलीमा ठेवू द्या," अक्का म्हणाली. "ती आठेच शिवी, रातले आठेच ऱ्हाई. तिले जागा, माले सोबत." आणि मग जरा थांबून म्हणाली, "तुमी बठ्ठा येत जा. पन वाटी लेऊ नका माले."

मला वाटून घेऊ नका, हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. भाऊ उठून अंगणात गेला आणि बराच वेळ तिकडेच उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "न्हाणीला खरबरीत फरशी आणि धरायला दांडी बसवतो." दाजींनी वार विचारला नाही. भाऊनेच सांगितला.

रुखसानाभाभींना बोलावलं. त्यांनी आधी विचारलं, "अक्का को चलेगा, पर आप लोगों को?" दाजींनी आम्हा भावंडांकडे बघितलं. आम्ही हो म्हणालो, तेव्हा त्यांनी लिहिलं. ताईने महिन्याची औषधं पोचवायची, मी एक शनिवार सोडून यायचं. सगळं मिळून सात-आठ ओळी झाल्या. दाजींनी त्या मोठ्यानं वाचल्या आणि वही सगळ्यात आधी अक्कापुढे धरली. अक्का अंगठ्यासाठी शाई शोधू लागली, मग तिलाच आठवलं की वडिलांनी तिला सही शिकवली होती. मोडून जुळलेल्या हातानं तिनं ती केली.

अक्का त्यानंतर चार वर्षं पहूरलाच होती. बाहेरच्या खोलीत मशीन चालायचं आणि आत ही पाटावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. आम्ही यायचो तेव्हा घरात माणसं असायची. ती गेली तीही तिथेच, स्वतःच्या घरात, सकाळचा चहा घेऊन झाल्यावर. आम्ही भावंडं आजही एकमेकांकडे जातो-येतो. त्या रविवारी दाजी नसते तर काय झालं असतं, हा विषय आम्ही काढत नाही.

मध्यंतरी सोसायटीतले लोक म्हणू लागले, की दाजींचं अक्षर बारीक होत चाललंय. आधी वाटलं कागद वाचवतात. मग ओळी मुंग्यांसारख्या दिसायला लागल्या, शेवटी शेवटी तर दाजींनाच वाचता येईनात. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, पण हात काही पूर्वीसारखा झाला नाही. सोसायटीतल्या तरुण मंडळींनी मोबाईलवर रेकॉर्डिंग करायची तयारी दाखवली, अगदी मनापासून. दाजी म्हणाले, "त्यात सगळं येतं. तीच तर अडचण आहे." आणि सेक्रेटरीपद सोडतो म्हणाले. तेव्हा ताईने चष्मा लावला आणि वही ओढून घेतली. हे सगळं करताना ती कंटाळल्याचं मला तरी दिसलं नाही.

गेल्या महिन्यात मी पिंप्राळ्याला गेलो होतो, तेव्हा त्यांच्याच पुढच्या खोलीत सभा भरली होती. फाटकाजवळच्या निंबाची फांदी विजेच्या तारेवर आली होती, तिचा विषय होता. दाजी डोळे मिटून खुर्चीत बसले होते. चर्चा झाली, ताईने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "फांदी शक्यतो पुढील आठवड्यात कापावी असे ठरले." दाजी डोळे न उघडता म्हणाले, "'शक्यतो' काढ." ताईने काढलं. मग त्यांनी सहीसाठी हात पुढे केला. हात फार हलत होता. ताईने त्यांचा हात धरला नाही, वही तेवढी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. सभा संपली होती, बाहेर स्कूटर उभ्या होत्या, लोकांना घरी जायचं होतं. सही पुरी व्हायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ सगळे बसून राहिले.