मामाचा खाल्लेला तिसरा अंक

मामा मंगळवारी गेला.

गुन्हेगारीचा इतका अभ्यास केलेला सज्जन माणूस सगळ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला सायकल थांबवणाऱ्या माझ्या मामाने आयुष्यात एकच नाटक लिहिलं, तेही सुरतेच्या टोळ्यांवर. सुरत त्याने फक्त स्टेशनातून पाहिली होती. अभ्यासासाठी तो रोज जळगावच्या पोलीस चौकीसमोर चहा घेत बसे. शेवटी हवालदारानेच विचारलं, "भाऊ, काही तक्रार आहे का?" मामा म्हणाला, "तक्रार नाही, निरीक्षण आहे." महिनाभरात तोच हवालदार नाटकात गुंड झाला होता, आणि यंत्रमागांचा आवाज काढायला मामीचं शिलाई मशीन विंगेत गेलं होतं. लाकडी सुऱ्याला मामाने स्वतः चंदेरी रंग दिला. पण टोक कोणाला लागेल म्हणून ते घासून इतकं गोल केलं, की मामी त्याला उलथनं म्हणायची.

नाटक होतं त्याच्या थोरल्या भावाच्या घराचं. आमचे नानामामा मागांवर काम करायला सुरतेला गेले. तिथे त्यांचा मुलगा टोळीत शिरला, तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा नानांनी "तू आमचा कोणी नाहीस" म्हणून दार लावलं आणि लाजेने गावाकडे येणंही सोडलं. मुलगा कुठेतरी फुटपाथवर झोपत होता. मामाने धुळ्याच्या प्रयोगाआधी फोन केला, "नाना, मी तुला नाटकात व्हिलन केलंय. भांडायला तरी ये." नाना खरोखर भांडायला आले आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले.

तिसऱ्या अंकात आई जेवायला वाढते आहे आणि सुरा घेतलेला मुलगा दारात येतो. आईने नानांचंच वाक्य म्हणून दार लावायचं, की पडदा. आई झाली होती शेजारची अक्का. मामाला सगळं खरं हवं, म्हणून ताटात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. वास शेवटच्या रांगेपर्यंत गेलेला. अक्काने मुलाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि लिहिलेलं वाक्य सोडून आपल्या घरच्या अहिराणीत म्हणाली, "बस. पहिले जेवी ले. मंग सांग काय करी उना ते."

विंगेतून मामा ओरडला, "अक्का, दार लाव!"

"ताट वाढेल शे ना भाऊ!" अक्का तिथूनच कडाडली. "वाढेल ताटवरतीन कोनी पोरले उठाडस का?"

थिएटर हसून लोळलं. मुलगा सुरा खाली ठेवून जेवू लागला. मागून मुलाला मारायला आलेल्या, गुंड झालेल्या हवालदारालाही तिने पाट दिला. मामा विंगेत डोकं धरून बसला, "माझा अख्खा अंक खाल्ला हो बाईने!" मशीन तेवढं खडखडत राहिलं, कारण मामीला कोणी थांब म्हटलंच नाही.

पडदा पडल्यावर नाना आत आले. आम्हाला वाटलं, आता जुंपणार. त्यांनी रिकामं ताट हातात घेतलं. मग म्हणाले, "अक्का, भरीत उरलंय का? सोबत न्यायचं होतं. त्याला आवडतं."

मामा मरेपर्यंत सांगत राहिला, की शेवट फसला.

नाना आणि त्यांचा मुलगा आता जळगावात, मेहरूणला मामीजवळ राहतात. उलथनं माझ्याकडे आहे.