गोळीला दाद देईना

"सूज उतरत नाही म्हणजे मीठ चालू आहे घरात, दुसरं काय!" मी कोमलच्या आईवर डाफरलो.

"नही हो साहेब. भाजीमां नही, भाकरमां नही."

"पापड? लोणचं?"

"काहीच नही! समदं घर अळणी खाई ऱ्हायनं."

कोमल दुसरीतली. नेफ्रोटिक सिंड्रोम. म्हणजे किडनीची चाळणी सैल होते, रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे निसटतं आणि पाणी अंगात साचतं. डोळ्यांच्या नुसत्या फटी, पोट टम्म. खरा इलाज स्टेरॉईडचा, पण त्याला वेळ लागतो. तोवर पाणी काढायला मी लघवीची गोळी दिली होती. सकाळी एक, संध्याकाळी एक. वजन उलट वाढलं. मग मी डोस वाढवला. तरी सूज जागची हलेना.

नंदुरबारमध्ये लहान मुलांचा डॉक्टर म्हणून माझा थोडाफार दबदबा आहे, निदान मला तसं वाटतं. तेव्हा चूक माझी असणं शक्यच नव्हतं. शरीर लघवीच्या गोळीला दाद देत नाही, याला 'डाययुरेटिक रेझिस्टन्स' असा भारदस्त शब्द टाकून मी म्हणालो, "सुरतला न्या. ॲडमिट करावं लागेल."

आईला रडूच फुटलं. धाकटं अंगावर पीत होतं, त्याला कुठे ठेवणार?

तेवढ्यात कोमल उसळली. "मले सुरतले नही जानं! त्या गोळ्या मी आते खातच नही. थुकी देस."

सकाळी गोळी तिच्या हातावर ठेवून आई मिरची तोडायला जायची, दुसरी रात्री झोपताना द्यायची.

"का थुंकतेस गं?"

"शाळामां मॅडम भाहेर जाऊ देत नही. फ्रॉक वला व्हई जास, समदा हासतस. रातले गोधडी वली, मंग आजी वरडस. तुम्हीच एक खाई देखा, अन बठा वर्गमां!"

मला हसू आलं आणि लगेच घाम फुटला. अंग सुजलेलं असलं तरी रक्तात पाणी कमी असू शकतं. पोरीने माझा वाढीव डोस मुकाट गिळला असता, तर बीपी कोसळलं असतं. बरं झालं, तिने माझं ऐकलं नाही!

बीपी तपासलं, पुन्हा पहिला डोस ठेवला. एक गोळी भल्या पहाटे, दुसरी शाळा सुटल्या सुटल्या. मॅडमना मी स्वतः फोन केला. पुढच्या खेपेला कोमल आली ती टपोरे डोळे घेऊन, ढगळ फ्रॉकमध्ये. सुरत टळलं.

किडनीचं काय बिनसलंय ते लॅब सांगते. वर्गातून बाहेर सोडतात का, ते पोरीलाच विचारावं लागतं.