ढगाआडचं तळं

माझ्या मावशीला ऑफिसात ‘संशयबाई’ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. जगभरातली तळी वाढतायत की आटतायत, हे उपग्रहाच्या चित्रांवरून शोधणं हे तिचं काम. कुणी दोन चित्रं पुढे ठेवली की ती आधी महिना विचारायची. उन्हाळ्यातल्या तळ्याशेजारी पावसाळ्यातलं तळं ठेवलं की वाट्टेल ते सिद्ध करता येतं, असं तिचं म्हणणं. घरीही तीच तऱ्हा. आईने बारीक झाल्याचे दोन फोटो कौतुकाने दाखवले, तर दुसरा श्वास रोखून काढलाय हे हिने ओळखलं. आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. शेजारीण तर हिला उपग्रहातून गच्ची दिसते म्हणून कपडे घरातच वाळवायची.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, निवृत्त झाले तेव्हा मामाने तळ्याकाठची आपली जमीन त्यांना घरासाठी विकत देऊ केली. काका हरखून गेले, साठवलेलं सगळं त्यात घालायला निघाले. बहिणीचा स्वभाव ओळखून मामाने उपग्रहाची चित्रंही आणली होती. दरवर्षी तळं जमिनीपासून चांगलं लांब. मावशीने महिने पाहिले. सगळी उन्हाळ्यातली.

मामा म्हणाला, पावसाळ्यात ढगांखालचं काही दिसत नाही, असं तूच सांगायचीस ना? ते खरं होतं. काका मात्र भडकले. सख्ख्या भावालाही सोडत नाहीस, म्हणाले.

नंतर मावशी मला हळूच म्हणाली, “या वेळी मी खोटी ठरले तर बरं होईल गं.”

तिने ऑफिसातून पावसाळ्यातली रडारची चित्रं मिळवली. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि शांत पाणी त्यात काळं दिसतं. पाऊस वर्षागणिक वाढत होता, तसा काळा डागही. शेवटच्या चित्रात मामाची जमीन अख्खी काळी होती.

रविवारी तिने ते चित्र मामापुढे ठेवलं. काळं म्हणजे पाणी, एवढंच सांगितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता हा दचकेल, मला काय कल्पना म्हणेल, असं मला वाटलं. मनापासून हवंही होतं.

मामाने चित्र उचलून जवळून पाहिलं.

“ताई,” तो म्हणाला, “तुमच्या उपग्रहाला ढगाआडचंही दिसतं?”

काकांनी कप खाली ठेवला. पाण्याबद्दल मामाने काहीच विचारलं नव्हतं.

“दिसतं,” मावशी म्हणाली, आणि डोळे पुसायला आत गेली.