गुरुवार मिळवून देणाऱ्या मॅडम

चाकणच्या आमच्या हॉटेलात मनुष्यबळ विभाग सांभाळलेल्या सुमेधा गायकवाड मॅडम यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यांची माझी पहिली भेट मात्र काही शुभ नव्हती. मी खोल्या आवरणारी, निघोज्यात भाड्यानं राहणारी नवी बाई. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, नोकरी गेलीच, कारण साहेब ज्या बायकांना कामावरून काढणार होते, त्यांत माझंही नाव होतं.

झालं होतं असं. मुंबईहून बदलून आलेल्या साहेबांनी मोठ्या मनानं आम्हा सगळ्यांना रविवारची सुट्टी दिली. आणि हजेरीच्या मशीनवर आम्ही गुरुवारी गायब! "बायका माजल्यात, एजन्सीची माणसं आणा," असं फर्मान निघालं. मॅडमनी आधी सगळ्यांची हजेरी वारांप्रमाणे कॉम्प्युटरवर मांडली. पण तेवढ्यावरही त्यांनी काही ठरवलं नाही. एकेकीला बोलावून, समोर चहा ठेवून विचारलं. ही त्यांची कायमची रीत.

"गुरुवारी काय असतं गं तुझ्याकडे?"

मी लातूरकडची, तोंडानं फटकळ. म्हटलं, "नवरा असतो, मॅडम!"

त्या खळखळून हसल्या. मग मी सगळं सांगितलं. इथल्या पुष्कळ कारखान्यांसारखी यांच्या कारखान्यालाही सुट्टी गुरुवारची. एरवी यांची शिफ्ट सुटायची तेव्हा माझी लागायची. शेजारणीकडे किल्ली ठेवायची नि निघायचं, एवढाच आमचा संसार. रविवारी घरी बसून काय भिंतींशी बोलू?

मॅडम मला घेऊनच साहेबांकडे गेल्या. "साहेब, इथल्या पुष्कळ घरांत रविवार गुरुवारी असतो," त्या म्हणाल्या.

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"आपण विचारलंच नाही ना!"

साहेब माणूस सरळ; त्यांनी ऐकलं. जिला रविवार हवा तिला रविवार, जिला गुरुवार हवा तिला गुरुवार मिळाला. कुणाचीही नोकरी गेली नाही.

पुढे मॅडमनी मला आपल्या विभागात घेतलं. माऊसला हात लावायला मी बिचकायचे, तर म्हणायच्या, "अगं, चावत नाही तो!" किचनमधून राजीनामे येऊ लागले की आकडे बघून झाल्यावर त्या स्टाफच्या मेसमध्ये जाऊन जेवायच्या, तिथंच कारण कळायचं. आता नवं सॉफ्टवेअर आलंय. न येणाऱ्याचं नाव आपोआप लाल होतं. ते लाल नाव बघितलं की अजूनही माझी मान त्यांच्या केबिनकडे वळते, "मॅडम, ही का येत नसेल हो?" असं विचारायला. मॅडम निवृत्त झाल्यापासून तिथं दुसरंच कुणी बसलेलं असतं. फार चुकल्यासारखं वाटतं. मग मी उठते आणि जिचं नाव लाल झालंय त्या बाईला चहाला बोलावते.

माझे मालक जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्यासोबत निवांत बसून जेवले, भांडले, हसले, ते सगळे दिवस गुरुवारचे. मॅडम नसत्या तर तेवढेही पदरात पडले नसते.

माझी सुट्टी अजून गुरुवारचीच आहे. घरात बसवत नाही, म्हणून तळेगावच्या रस्त्यावरच्या कंटेनरांना शिव्या घालत मी स्कूटीवरून मॅडमच्या घरी जाते. त्या दारातच उभ्या असतात, चहाचं आधण ठेवून. मॅडम, गुडघे सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या आणि ठणठणीत राहा. एकदा तुम्ही मला माझे गुरुवार मिळवून दिलेत. आता मला तुमचे हवेत, पुष्कळ हवेत.